खेळाचा संगणक : तो जुना झाला हे कसे ओळखावे?

ज्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आणि संगणक या दोन्ही गोष्टी आहेत, त्या घरात वर्षातून एकदा तरी एक वाक्य हटकून ऐकू येते : 'हा आता जुना झाला.' वाक्य लहान आहे, पण त्याच्या पोटात वीस-तीस हजारांचा खर्च दडलेला असतो. बाप शेतावरून किंवा कारखान्यातून दमून आलेला. त्याला त्या पेटीतले काही कळत नाही. आई म्हणते, 'द्या काय पाहिजे ते, अभ्यासासाठीच असेल.' आणि मुलगा, तो लबाड असतोच असे नाही. पुष्कळदा त्यालाही नक्की माहीत नसते की आपल्या यंत्राचे दुखणे कोणते आहे. मित्राच्या घरी चांगले चित्र दिसले, आपल्या घरी ते अडखळते, एवढेच त्याला ठाऊक असते.

मुलांनी संगणकावर खेळावे की खेळू नये, या वादात आज आम्ही शिरत नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविषयी मात्र एक शब्द सांगून ठेवतो. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या संसदेने कायदा करून असल्या खेळांवर बंदी घातली आहे, आणि ज्या घरांनी त्यांपायी दागिने गमावले त्यांना या कायद्याचे महत्त्व सांगावयास नको. आम्ही ज्या खेळांविषयी लिहीत आहोत ते निराळे. गाडी पळविण्याचे, चेंडूचे, किल्ले बांधण्याचे, गोष्ट उलगडत जाणारे. त्यांच्यासाठी लागणारे यंत्र बदलावे केव्हा, एवढाच आजचा प्रश्न.

तो सोडविण्यापूर्वी पेटीत काय असते ते पाहिले पाहिजे. पडद्यावर हलणारे चित्र वस्तुतः हलत नसते. एका सेकंदात साठ निरनिराळी स्थिर चित्रे एकामागून एक दाखविली जातात आणि आपल्या डोळ्यांना ती हलल्याचा भास होतो. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. सेकंदाला साठ चित्रे म्हणजे दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. एवढे काम एकट्यादुकट्याने होणार नाही, म्हणून संगणकात दोन प्रकारचे कामकरी ठेवलेले असतात.

भातलावणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. बांधावर एक जाणता माणूस उभा असतो. पाणी कोठून सोडावयाचे, कोणता वाफा आधी घ्यावयाचा, आवण कोठे टाकावयाचे हे तो ठरवितो. खाली चिखलात माणसांची रांग एकच काम करीत पुढे सरकत असते : रोप घेतले, लावले, रोप घेतले, लावले. बांधावरचा जाणता म्हणजे प्रोसेसर. त्याचे हात मोजके असतात, पण कामे गुंतागुंतीची असतात. चिखलातली रांग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्यात हजारो लहान लहान कामकरी असतात आणि ते सर्व एकाच वेळी ठिपके रंगवीत असतात. रॅम ही हाताशी ठेवलेल्या रोपांच्या जुड्यांसारखी आहे. जुडी संपली की घरून नवी आणावी लागते आणि रांग खोळंबते. घरची कोठी म्हणजे हार्ड डिस्क, अथवा तिच्या जागी हल्ली आलेली, न फिरणारी आणि कितीतरी वेगवान एसएसडी. या सर्वांना वीज पुरविणारा डबा दुकानदारांच्या भाषेत एसएमपीएस म्हटला जातो. तो दिसत नाही, त्याची जाहिरात कोणी करीत नाही, आणि काटकसर करावयाची झाली की लोक पहिला घाव त्याच्यावरच घालतात. याविषयी पुढे बोलू.

आता मुलगा म्हणतो, 'सगळ्यांकडे याहून चांगला आहे.' हे 'सगळे' म्हणजे कोण? सुदैवाने याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. स्टीम नावाचे खेळविक्रीचे मोठे दुकान २००३ पासून इंटरनेटवर चालते, आणि ते दर महिन्याला आपल्या गिऱ्हाइकांच्या संमतीने त्यांच्या संगणकांची शिरगणती करून सर्वांपुढे मांडते. ती पाहणाऱ्याला पहिली गोष्ट ही कळते की जगातला सर्वसामान्य खेळाडू महागडे यंत्र वापरीत नाही. जीटीएक्स १०६० हे मध्यम किमतीचे कार्ड २०१६ च्या जुलैमध्ये निघाले आणि २०२२ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे निघाल्यावर सहा वर्षांनीही, त्या यादीत ते अग्रस्थानी होते. त्याला मागे सारले तेही कोणा राजेशाही कार्डाने नव्हे. २०१९ सालच्या जीटीएक्स १६५० या आणखी स्वस्त कार्डाने. पुढे २०२१ साली निघालेले आरटीएक्स ३०६० वर आले, आणि तेही मधल्या फळीतलेच. रॅमच्या बाबतीत कित्येक वर्षे १६ जीबी हेच सर्वांत मोठे माप राहिले, ३२ जीबीवाले आता त्यांच्या जवळ येत आहेत. आणि पडदा? २०२५ सालीही निम्म्याहून अधिक खेळाडू वर सांगितलेल्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावरच खेळत होते. सबब 'सगळ्यांकडे' हा शब्द ऐकून कोणी खचून जाऊ नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्याला 'फोर के' म्हणतात त्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, म्हणजे नेहमीच्या बरोबर चौपट. लावणीचे शेत चौपट केले तर माणसेही त्या मानाने वाढवावी लागणार. म्हणून आधी मोठा पडदा घेणे आणि मग कार्ड पुरत नाही म्हणून रडणे, हा उलटा क्रम होय. सुखी राहावयाचे असेल तर पडदा बेताचा ठेवावा. जुने कार्ड त्यावर आणखी दोन-तीन वर्षे आनंदाने चालते.

यंत्र खरोखर बदलण्याची वेळ केव्हा येते? आमच्या मते याची खरी कारणे थोडीच आहेत. पहिले कारण असे की नवा खेळ दारातच अडवितो. २०१८ पासून काही ग्राफिक्स कार्डांत प्रकाशकिरणांचा मार्ग मोजण्याची विशेष रचना येऊ लागली. तिला रे ट्रेसिंग म्हणतात. पुष्कळ वर्षे ती चैनीची गोष्ट होती. परंतु २०२४ च्या डिसेंबरात आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि २०२५ च्या मे महिन्यातला 'डूम : द डार्क एजेस' हे खेळ ही रचना नसलेल्या कार्डावर चालविण्यासाठी बनविलेलेच नाहीत. त्याचप्रमाणे २०२३ सालच्या 'स्टारफील्ड' या खेळाने एसएसडी हवीच अशी अट घातली. जीटीएक्स १०६० च्या पिढीच्या कार्डांसाठी त्यांच्या कंपनीने खेळांकरिता दिला जाणारा नियमित ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरात थांबविला. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत देण्याचे जाहीर केले. दहा वर्षांच्या सेवेनंतर त्या कार्डाला निरोप दिला तर कोणी उधळपट्टी म्हणणार नाही. पण ज्या मुलाला हे नवे खेळ खेळावयाचेच नाहीत, जो आपला क्रिकेट, फुटबॉल आणि माइनक्राफ्ट यांतच रमतो, त्याच्याबाबतीत हे कारण लागूच होत नाही. म्हणून बापाने पहिला प्रश्न हाच विचारावा : 'बाळ, कोणता खेळ चालत नाही, त्याचे नाव सांग.' नाव सांगता आले नाही तर चर्चा तेथेच थांबवावी.

दुसरे कारण सुरक्षेचे, आणि ते खेळणाऱ्या न खेळणाऱ्या सर्वांना सारखेच लागू आहे. विंडोज १० या प्रणालीचा विनामूल्य सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नाव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची सोय ठेवण्यात आली. विंडोज ११ ला मात्र टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. ज्या संगणकावरून घरचे बँकेचे व्यवहार होतात, आखातातल्या भावाचे पैसे आले की नाही हे पाहिले जाते, तो संगणक दुरुस्त्यांवाचून ठेवणे म्हणजे कडी न लावता झोपणे होय. मात्र अनेक संगणकांत टीपीएमची सोय असूनही ती केवळ बंद ठेवलेली असते. जाणत्याकडून ती तपासून घ्यावी. फुकटात काम होऊन जाईल.

बाकी राहिले ते 'अडखळते' हे तिसरे कारण. पुष्कळ पैसा वाया जातो तो याच ठिकाणी, म्हणून येथे थोडा अधिक वेळ घालवू.

अडखळणाऱ्या यंत्राचे झाकण आधी उघडून पाहावे. आपल्याकडच्या लाल मातीच्या रस्त्यांची धूळ, स्वयंपाकघरातला धूर, पावसाळ्यातली ओल यांनी पंख्याच्या पात्यांवर नमदा जमतो. वारा आत गेला नाही की प्रोसेसर तापतो, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी मुद्दाम हळू चालू लागतो. लोक याला म्हातारपण समजतात. वस्तुतः तो गुदमरलेला असतो. वीज बंद करून, तार काढून, मऊ कुंचल्याने आणि हवेच्या फुंकणीने धूळ काढावी. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी म्हणजे ती वेडीवाकडी फिरत नाहीत. तीन-चार वर्षांत एकदा प्रोसेसर आणि त्याचा पंखा यांमधली थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. खर्च शेकड्यांत, हजारांत नाही.

दुसरे पाहावयाचे ते तारेचे. आमच्या पाहण्यातील एका घरी मोठ्या हौसेने कार्ड बसवून आणले होते आणि महिनाभर मुलगा कुरकुरत होता की काहीच फरक नाही. पडद्याची तार कार्डाला न जोडता मदरबोर्डाच्या छिद्रात खुपसलेली होती! कार्ड बिचारे हजर होते, पण त्याला काम कोणी दिलेच नव्हते. हा प्रकार विनोदी वाटेल, तरी तो दुर्मिळ नाही. तसेच १४४ वेळा चित्र बदलू शकणारा पडदा घेऊन तो विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला आढळतो. आणि रॅमची एकच पट्टी असेल तर त्याच मापाची दुसरी जोडल्याने दोन वाटांनी ये-जा सुरू होते व कित्येक खेळ लक्षात येण्याइतके सुधारतात.

एवढे करूनही अडखळत असेल तर दोष कोणत्या कामकऱ्याचा आहे हे शोधण्याची एक सोपी परीक्षा आहे. खेळाच्या मांडणीत जाऊन चित्राचे माप कमी करावे, १०८० चे ७२० करावे. शेत लहान केल्याबरोबर वेग वाढला तर रांग अपुरी होती. म्हणजे ग्राफिक्स कार्ड कमी पडत होते. शेत लहान करूनही वेग तेवढाच राहिला तर बांधावरचा जाणता मागे पडला आहे; म्हणजे प्रोसेसर. खेळ सुरळीत चालतो, पण मध्येच क्षणभर थिजतो आणि पुन्हा सुरू होतो, असे असेल तर बहुधा रॅम अपुरी आहे अथवा जुनी फिरती डिस्क धापा टाकीत आहे. ही परीक्षा मुलाने बापासमोर करून दाखवावी. पाच मिनिटे लागतात, आणि बापालाही आपला पैसा कोठे जाणार ते कळते.

डिस्क बदलून एसएसडी बसविणे हा आमच्या मते सर्वांत सार्थकी लागणारा खर्च. खेळाबरोबर अभ्यास, छपाई, सगळेच त्याने चपळ होते. त्यानंतर रॅम. त्यानंतर ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर शेवटी, कारण तो एकटा येत नाही. पुष्कळदा त्याच्या पाठोपाठ नवा मदरबोर्ड येतो, आणि बोर्डापाठोपाठ नव्या जातीची रॅम, कारण डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तशातली गत. याला एक सुखद अपवाद आहे. एएमडी कंपनीच्या एएम ४ या जोडणीचे बोर्ड ज्यांनी २०१७ च्या सुमारास घेतले, त्यांतील पुष्कळांवर बायोस नवी करून २०२२ साली निघालेला ५८००एक्स३डी यासारखा प्रोसेसर बसविता येतो. नवीन घेतानाच असा, पुढे वाट ठेवणारा बोर्ड निवडणे हे शहाणपण होय. बायोस बदलताना वीज जाता कामा नये एवढे मात्र सांभाळावे. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी हे काम काढू नये.

आता एसएमपीएस. विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसवून त्याला बारीक वायर जोडली तर काय होते ते शेतकऱ्याला सांगावयास नको. जीटीएक्स १०६० ला १२० वॅट लागत. आरटीएक्स ३०६० ला १७०. २०२५ सालच्या आरटीएक्स ५०९० ला तब्बल ५७५. नवे कार्ड आणताना जुना, हलक्या प्रतीचा डबा तसाच ठेवला तर एखाद्या दिवशी तो जातो आणि जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. आपल्याकडे विजेचा दाब कमीजास्त होतो, अर्थिंग पुष्कळ घरांत नावालाच असते. म्हणून कार्डाच्या पैशांतून थोडे काढून चांगला एसएमपीएस आणि यूपीएस घ्यावा, अर्थिंगही तपासून घ्यावे. विजेच्या बिलाचाही हिशेब करून ठेवावा. पडद्यासह ३०० वॅट घेणारा संगणक रोज तीन तास खेळात राहिला तर महिन्याला २७ युनिट होतात.

लॅपटॉपवाल्यांसाठी निराळी सूचना. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड सहसा बदलता येत नाही. एसएसडी बदलता येते, रॅमही बहुधा वाढविता येते, पण काहींत तीही बोर्डालाच डाग देऊन बसविलेली असते. तेव्हा लॅपटॉप घेताना पुढच्या पाच वर्षांचा विचार त्याच दिवशी करावा लागतो. केवळ खेळासाठी आणि घरातच वापरावयाचा असेल तर टेबलावरचा जोडणीचा संगणक बरा. तो तुकड्यातुकड्याने सुधारता येतो.

खरेदीच्या वेळेविषयीही थोडे सांगावेसे वाटते. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक गॉर्डन मूर यांनी १९६५ साली असे भाकीत केले होते की एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ साली त्यांनी ती मुदत दोन वर्षांची केली. तेव्हापासून लोकांच्या मनात असे बसले आहे की थांबले की स्वस्त मिळते. ते नेहमी खरे नसते. २०२० आणि २०२१ साली आभासी चलन काढण्यासाठी लोकांनी ग्राफिक्स कार्डे पोत्यांनी उचलली, कारखान्यांचा पुरवठा तुटला आणि किमती भलत्याच चढल्या. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलल्यावर कार्डांची ती ओढ संपली. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी मागणी वाढविल्यामुळे रॅमचे दर असेच उसळले. अशा महागाईत जे चालते आहे ते चालू ठेवावे, आणि बाजार निवळला की घ्यावे. नव्या कार्डांची पिढी साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी येते. ती आली की आधीच्या पिढीचा शिल्लक माल उतरतो, आणि आपल्या कुटुंबांनी पाहावयाचा तो हाच माल. खेळांचेही तसेच : निघाल्या दिवशी जो खेळ चार हजारांना असतो तो दोन वर्षांनी हजारात मिळू शकतो, त्याच्या चुकाही तोवर दुरुस्त झालेल्या असतात. उशिरा खेळल्याने गोष्ट काही शिळी होत नाही.

वापरलेले कार्ड घ्यावयाचे असल्यास ते चालू स्थितीत, निदान अर्धा तास खेळ लावून पाहूनच घ्यावे. बिल आणि हमीची मुदत विचारावी. आखातातून किंवा परदेशातून कोणी आणून देत असेल तर आनंद आहे, पण अशा वस्तूची हमी पुष्कळदा त्या देशापुरतीच असते हे आधी समजून घ्यावे. हप्त्यांवर खेळाचे यंत्र घेण्यास मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. बियाण्यासाठी, शाळेच्या फीसाठी, आजारपणासाठी कर्ज काढावे लागते. खेळ हा उरलेल्या पैशांतूनच व्हावा. मुलाला नाताळापासून नाताळापर्यंत वाढदिवसाचे, पाहुण्यांनी दिलेले पैसे साठवू द्यावे आणि निम्मी भर बापाने घालावी. असे साठविताना निम्म्या मागण्या आपोआप गळून पडतात, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांना संतपद जाहीर केले ते कार्लो अकुतीस संगणकाचे मोठे जाणकार होते. १९९१ साली लंडन येथे जन्मलेला आणि मिलानमध्ये वाढलेला हा मुलगा १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने वारला. जगभरातील पवित्र ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती त्यांनी गोळा करून संकेतस्थळावर मांडली. आणि मुलांना ऐकून नवल वाटेल, ते खेळतही असत. पण आठवड्यातून एकच तास, असे त्यांच्या आईने सांगितले आहे. आमच्या मुलांनी तासाचे तेच माप धरावे असा आग्रह आम्ही धरणार नाही, निदान संध्याकाळच्या रोझरीला पडदा बंद व्हावा एवढी अपेक्षा ठेवतो. परंतु आठवड्याला पाच-सहा तास खेळणाऱ्या मुलासाठी किती हजारांचे कार्ड योग्य, हा हिशेब बापलेकांनी कागदावर मांडावा : किंमत भागिले जितकी वर्षे चालेल ती वर्षे. पाच वर्षे टिकणारे वीस हजारांचे कार्ड वर्षाला चार हजारांना पडते. दोन वर्षांनी टाकून दिले तर दहा हजारांना.

राहिला प्रश्न जुन्या भागांचा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीविषयी कळकळीने लिहिले आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत-कचरा झाला, त्यातला २२.३ टक्केच नोंद ठेवून रीतसर गोळा करून पुन्हा उपयोगात आणला गेला. निघालेली रॅम, डिस्क, कार्ड शेजारच्या घरच्या धाकट्या मुलाला उपयोगी पडते; धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी चित्रे दाखविण्यास तर आठ वर्षांचा संगणकही पुरतो. ज्याचे काहीच होण्यासारखे नाही ते भंगारवाल्याला तांब्यासाठी जाळावयास देऊ नये. त्या धुरात विष असते आणि तो बहुधा आपल्याच गावात पसरतो. भारतात २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे गेला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी त्यांची संकलन केंद्रे कोठे आहेत याची चौकशी करावी. आणि डिस्क किंवा संपूर्ण संगणक कोणालाही देण्यापूर्वी घरचे फोटो, आधार कार्डाच्या प्रती, बँकेचे कागद दुसरीकडे उतरवून घेऊन ती डिस्क पुरती पुसून टाकावी. केवळ कचराटोपलीत टाकल्याने फाइल जात नाही. जाणत्या माणसाला ती परत काढता येते.